एका रात्रीत बंद झालेली दारू

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दारूची दुकानं बंद झाली. ‘बरं झालं, आता आपोआप सुटेल,’ असं अनेक घरांत वाटलं असेल. वर्षानुवर्षं त्रास सोसलेल्या बायकामुलांना तसं वाटणं स्वाभाविकच. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तुटली, तर काही वेळा त्याच्या जिवावर बेततं. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच ते पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

मेंदूत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं, तर ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटला दाबते, म्हणून पिणाऱ्याला सैल वाटतं. दारू रोज येऊ लागली की मेंदू तोल सावरायला उलट्या दिशेने जोर लावतो. गाबाला मिळणारा प्रतिसाद तो कमी करतो, ग्लुटामेटला मिळणारा वाढवतो. मग एके दिवशी दारू थांबते. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडावा तसं होतं: मेंदूचा जोर तसाच असतो, त्याला अडवणारं कुणी उरत नाही.

शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, दरदरून घाम फुटतो, झोप उडते. बहुतेकांचं एवढ्यावर निभावतं. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. आणि थोड्या जणांना दोन ते चार दिवसांनी ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ होतो. ताप चढतो, नाडी धावते, दिवस की रात्र हे कळेनासं होतं. रुग्ण चादरीवरचे नसलेले किडे चिमटीत धरून वेचत बसतो, कोपऱ्यात नसलेल्या माणसाशी बोलतो. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली. खरं तर त्याला त्या क्षणी रुग्णालय हवं असतं, आणि ते दिवस नेमके रुग्णालयात पोचणं अवघड असण्याचे होते.

केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या. तिथल्या सरकारने ३० मार्चला आदेश काढला: डॉक्टरांनी लिहून दिलं तर दारू मिळेल. दारू हा काही उपचार नव्हे, असं म्हणत डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि २ एप्रिलला उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. सरकारची काळजी खरी होती, पण माझ्या मते डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं गाबाच्याच ग्राहींवर, म्हणजे पेशीवर गाबा जिथे जोडलं जातं त्या जागांवर, काम करतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन हळूहळू कमी करता येतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावंच लागतं, कारण सतत पिणाऱ्यांच्या शरीरात ते खालावलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

ज्यांना ना दारू मिळाली ना उपचार, त्यांतले काही जण सॅनिटायझरकडे वळले. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्र प्रदेशातल्या कुरिचेडू गावात अशा मृत्यूंची मालिका सुरू झाली. एप्रिल २०२१ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सात जण दगावले. सॅनिटायझरमध्ये इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ६० ते ८० टक्के असतं, आणि भेसळीच्या मालात मिथेनॉलही असू शकतं. मिथेनॉलचं यकृतात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. हे आम्ल डोळ्यांच्या नसा जाळतं, म्हणून पिणारा ‘सगळं धूसर दिसतंय’ म्हणू लागतो. इराणमध्ये २०२० च्या वसंतात, दारूने कोरोना बरा होतो या अफवेपायी, मिथेनॉलने शेकडो माणसं गेली.

‘एम्स’च्या २०१९ मधल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत. त्यांतले बरेच जण कधी ना कधी मनाने किंवा नाइलाजाने दारू सोडणार, पुन्हा धरणार, पुन्हा सोडणार. सोडण्याची अशी आवर्तनं वाढली की पुढची खेप आणखी तीव्र होऊ शकते. म्हणून घरातल्या कुणाला सोडायची असेल, तर रोजचं प्रमाण, शेवटचा पेला कधी घेतला आणि याआधी सोडताना फिट आली होती का, या तीन गोष्टी डॉक्टरांना न लपवता सांगा. औषधाची मात्रा आणि दाखल करायचं की नाही, हे मुख्यतः त्यांवरूनच ठरतं. कुठे जायचं हे सुचत नसेल, तर सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे.