गृहगट (ख्रिस्ती मंडळी)

गृहगट : ख्रिस्ती मंडळीतील सहा ते बारा जणांनी आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, बहुधा कुणाच्या तरी घरी, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि एकमेकांची विचारपूस यांसाठी जमण्याची पद्धत. सेल ग्रुप, घरसभा, लघुगट अशीही नावे चालतात. रविवारच्या उपासनेला वर्षानुवर्षे शेजारी बसणारी माणसे एकमेकांना नावापलीकडे ओळखत नाहीत, ती उणीव गटाने भरून काढावी अशी अपेक्षा असते. पण गट सुरू झाला म्हणून जवळीक येत नाही. ‘सगळं छान, देवाची कृपा’ हे तोंडदेखले उत्तर रविवारी चर्चच्या दारात मिळते, तसेच बुधवारी दिवाणखान्यातही मिळते.

अशा सहभागितेसाठी बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘कोइनोनिया’. तो ‘कोइनोस’ म्हणजे सामाईक या शब्दावरून आला. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये तो प्रेषितांचे शिक्षण, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांच्या पंगतीत येतो. रोमकरांस पत्र १५:२६ मध्ये मात्र यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीला पौल हाच शब्द वापरतो. सहभागिता म्हणजे नुसते मन मोकळे करणे नव्हे. ताट, पैसा, वेळ आणि अडचण यांची वाटणी त्यात आधीच धरलेली आहे. बरेच गट फसतात ते इथे. सभासदांनी मनातले बोलावे असे त्यांना वाटते, पण बाकी काही सामाईक करायची तयारी नसते.

पहिल्या शतकात मंडळ्या मुख्यतः घरांत भरत. प्रिस्का व अक्विला यांच्या घरच्या मंडळीला पौल सलाम पाठवतो (रोम. १६:५). सीरियात युफ्रेटिसकाठी दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले असे एक घर उत्खननात सापडले. मधली भिंत पाडून तिथे सभेसाठी मोठी खोली केलेली होती. पुढे चर्चच्या मोठ्या वास्तू उभ्या राहिल्या आणि हा घरगुती आकार मागे पडला. फिलिप याकोब श्पेनर या जर्मन पाळकांनी १६७० मध्ये फ्रँकफुर्टला आपल्या घरी बैठका सुरू केल्या, तेव्हापासून प्रॉटेस्टंटांत तो पुन्हा रुजू लागला.

इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी सुरू केलेल्या मेथडिस्ट चळवळीतल्या ‘क्लास’ या छोट्या गटाची जन्मकथा बोलकी आहे. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये सभागृहाचे कर्ज कसे फेडायचे यावर खल चालला होता. कॅप्टन फॉय या गृहस्थाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेही जमणार नाही, अशी शंका निघाली. तेव्हा तो म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. असे बारा-बारांचे क्लास झाले. पुढारी पेनी आणायला घरोघर जाऊ लागले, तसे कोण पितो, कुणाच्या घरात भांडणे चालू आहेत हे त्यांना दिसले. मग घरोघर फिरण्याऐवजी सगळ्यांनी एकत्र जमायचे ठरले. काळजी वाहण्याची ही व्यवस्था निघाली ती कर्जाच्या हप्त्यातून. याहून खोल पापकबुलीसाठी मेथडिस्टांचे ‘बँड’ वेगळे होते. ते लहान असत, आणि त्यांत स्त्रिया व पुरुष, विवाहित व अविवाहित वेगवेगळे बसत.

विसाव्या शतकात दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये डेव्हिड योंगी चो या पाळकांनी मंडळीचा डोलारा घरगटांवर, तोही मुख्यतः स्त्री-पुढाऱ्यांच्या बळावर, उभा केला. लॅटिन अमेरिकेत १९६८ च्या मेदेयीन येथील बिशप परिषदेनंतर कॅथलिकांचे ‘मूलभूत समुदाय’ नावाचे छोटे गट पसरले. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या गटांबद्दल केलेले निरीक्षण आजही झोंबते : सवड असली तर यायचे, वाटले तर बोलायचे, कुणी कुणाला टोकायचे नाही आणि पटले नाही तर गुपचूप निघून जायचे, असा या गटांचा अलिखित करार असतो.

गटाच्या आकाराचा हिशोब सोपा आहे. सहा जणांत परस्पर ओळखीच्या जोड्या १५ होतात, आठांत २८, बारांत ६६. दीड तासाच्या बैठकीत बोलण्या-प्रार्थनेला ४० मिनिटे उरली, तर सहा जणांत प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा मिनिटांहून थोडी अधिक येतात, बारा जणांत सव्वातीनच्या आसपास. म्हणून बारांच्या गटात चौघे बोलतात आणि आठ जण माना डोलावतात. पाचांहून कमी असले, तर दोघे आजारी पडताच बैठक मोडते. सात ते नऊ ही संख्या बरी. प्रार्थनेच्या वेळी त्यांतले तिघे-तिघे बाजूला बसावेत.

दीड तासाची वाटणी साधारण अशी : पहिली १५ मिनिटे खाणेपिणे व येणाऱ्यांची वाट पाहणे, ३० मिनिटे वचन, ४० मिनिटे विचारपूस व प्रार्थना, शेवटची ५ पुढच्या वेळेची ठरवाठरव. अभ्यास लांबला की तो नेहमी प्रार्थनेचा वेळ खातो, म्हणून काही गट विचारपूस आधी उरकतात. एकच उतारा घ्यावा, दहा-पंधरा वचनांचा. प्रश्न तीन पुरतात : इथे काय म्हटले आहे, आपण कुठे अडखळतो, या आठवड्यात त्यातले काय करायचे. प्रश्न विचारून पुढाऱ्याने दहा सेकंद गप्प बसावे. हे दिसते त्याहून अवघड आहे. तो स्वतःच उत्तर देऊन टाकू लागला, तर आपण थांबलो की उत्तर आयते मिळते हे गटाला तीन बैठकांत कळते.

विश्वास बोलण्याआधी कामातून जमतो. बाळंतिणीच्या घरी आठवडाभर डबा, दवाखान्यात रात्रीची सोबत, घर बदलताना सामान उचलायला चार हात, अशा गोष्टींची पाळी लावलेला गट लवकर मोकळा होतो. उलट, दुसऱ्याच बैठकीत ‘आज प्रत्येकाने आपली सर्वांत मोठी जखम सांगावी’ असा आग्रह धरला की बोलकी माणसे गरजेपेक्षा जास्त बोलून नंतर ओशाळतात आणि अबोल माणसे यायची थांबतात.

खरी कसोटी लागते ती साध्या वाक्यावर. कुणी म्हणतो, ‘कामाच्या ठिकाणी जरा ताण आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.’ नेहमीचे उत्तर : ‘हो हो, नक्की’, आणि पाळी पुढे सरकते. त्याऐवजी कुणी ‘कसला ताण?’ एवढेच विचारून थांबला, तर कदाचित ऐकू येते : ‘साहेबांनी हिशोबात खोटी नोंद करायला सांगितली. मी केली.’ आता तीन चुका हमखास होतात. एक जण लगेच वचन उघडतो. दुसरा ‘अहो, सगळीकडे हेच चालतं’ म्हणून विषय गुंडाळतो. तिसरा स्वतःच्या साहेबाची गोष्ट लावतो. हवे असते ते वेगळे : क्षणभर शांतता, सांगितल्याबद्दल आभार, ‘पुढे काय करायचं ठरवलं आहे?’ हा प्रश्न आणि त्या गोष्टीचे नाव घेऊन प्रार्थना. शिवाय पुढच्या बैठकीत, किंवा त्याआधी फोनवर, ‘त्या नोंदीचं काय झालं?’ असे विचारणे. हे विचारणे चुकले की माणूस पुन्हा ‘जरा ताण आहे’वर येतो आणि तिथेच राहतो.

पापे एकमेकांजवळ कबूल करण्याची आज्ञा याकोब ५:१६ मध्ये आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरांत मात्र गटातला मोकळेपणा धर्मगुरूपुढच्या पापकबुलीची जागा घेत नाही.

गुप्ततेचा नियम पहिल्याच दिवशी, तपशिलाने, बोलून ठरवावा. ‘इथले इथेच राहील’ एवढे पुरत नाही. नवरा किंवा बायको गटात नसेल तर घरी सांगायचे का? पुढारी पाळकांना काय कळवणार? व्हॉट्सॲपवर कुणाची प्रार्थना-विनंती टाकायची असेल तर आधी त्याला विचारायचे का? अपवादही तेव्हाच सांगावेत : मुलांवरचा अत्याचार, स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची भीती. या गोष्टी गटात दडवायच्या नसतात. त्या योग्य ठिकाणी कळवाव्याच लागतात. गुपित फुटते ते बहुधा दुष्टपणाने नव्हे, भक्तीच्या आवरणात : ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, घरी जरा बरं नाही चाललेलं.’ एकदा असे झाले की गट वर्षभर मागे जातो.

अति बोलणाऱ्याला सर्वांसमोर तोडू नये. बैठकीनंतर एकटे गाठून ‘अमुक ताई अजून बोललेल्या नाहीत, त्यांना बोलतं करायला मदत करा’ असे काम द्यावे. तेवढ्यानेही भागले नाही, तर मग स्पष्ट सांगावे. रुसवेफुगवे मत्तय १८:१५ प्रमाणे आधी दोघांतच मिटवायचे असतात, पण बहुतेक गट भांडणापेक्षा गोड अबोला पत्करतात. एकाच सभासदाचे दुःख दर आठवड्याला सगळा वेळ घेत असेल, तर त्याला समुपदेशकाची किंवा डॉक्टरची गरज आहे, हे मान्य करावे. गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा (६:२) असे म्हटल्यावर तीनच वचनांनी प्रत्येकाने आपला भार वाहावा (६:५) असेही आहे. उसने पैसे हे वेगळेच दुखणे : देणारा बोलत नाही, घेणारा यायचे टाळतो. मदत द्यायची तर गटाच्या पेटीतून, परतीची अपेक्षा न ठेवता द्यावी.

संख्या वाढली की गट दोन करावा, असा सेल पद्धतीचा आग्रह असतो. दर सहा महिन्यांनी असे तोडले, तर नुकती भीड चेपलेली माणसे पुन्हा अनोळख्यांत जाऊन बसतात. त्यापेक्षा उपपुढारी तयार करून त्याच्यासोबत दोघे-तिघे मुद्दाम नव्या गटाला द्यावेत. गटाची मुदत सुरुवातीलाच एक वर्षाची ठरवली, तर ज्याला सोडायचे त्याला अपराधी न वाटता सोडता येते. शेवटच्या बैठकीत पेटीतल्या पैशांचा हिशोब होतो, आणि प्रार्थनेच्या वहीत दुसऱ्यांची नावे आणि खासगी गोष्टी असतात म्हणून ती सर्वांदेखत फाडून टाकली जाते.