पवनचक्की (वीजनिर्मिती)

वाहत्या हवेतील गतिज ऊर्जेपासून वीज तयार करणारे यंत्र. पूर्वी अशी यंत्रे धान्य दळत आणि पाणी उपसत. दळण गेले, तरी ‘चक्की’ हे नाव मराठीत टिकले. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये वाऱ्यावर वीज निर्माण करून आपल्या घरात दिवे लावले. डेन्मार्कमध्ये पोल ला कूर यांनी १८९१ पासून या विषयावर पद्धतशीर प्रयोग केले.

वारा पाती ढकलतो म्हणून चक्र फिरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. पात्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. त्याच्या दोन बाजूंवरून हवा वेगवेगळ्या वेगाने जाते, दाबात फरक पडतो आणि पाते कमी दाबाच्या बाजूकडे ओढले जाते. या ओढीमुळेच पात्याचे टोक वाऱ्याच्या कितीतरी पट वेगाने धावते. लांबून संथ वाटणाऱ्या मोठ्या चक्राचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जात असते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातील शक्ती आठपट होते. दुप्पट वेगाने दुप्पट हवा येते आणि तिच्या दर किलोमागची ऊर्जा चौपट असते, म्हणून हा आठाचा हिशेब. पवनचक्कीची जागा, उंची, रचना सारे यावरून ठरते. ८० मीटर व्यासाच्या चक्रातून, सेकंदाला १२ मीटर वेगाचा वारा असताना, दर सेकंदाला सुमारे ७४ टन हवा जाते आणि तिच्यात ५.३ मेगावॉट शक्ती असते. वारा ६ मीटरवर उतरला, की उरते जेमतेम ०.६६ मेगावॉट. यातलीही सगळी शक्ती काढून घेता येत नाही, कारण पलीकडे जाण्यापुरता वेग हवेत राहावाच लागतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेत्स यांनी ही कमाल मर्यादा ५९.३ टक्के असल्याचे दाखवले. प्रत्यक्षात चांगली यंत्रे चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोहोचतात.

मनोऱ्याच्या माथ्यावरील मोठ्या डब्यात खरे काम चालते. मोठे चक्र मिनिटाला दहा-वीस फेरे घेते. गिअरबॉक्स ते वाढवून हजार-दीड हजारांवर नेतो आणि जनित्र (जनरेटर) फिरवतो. जनित्रात चुंबकीय क्षेत्र तारांच्या वेटोळ्यांवरून फिरते, त्यामुळे वेटोळ्यांत वीज निर्माण होते. काही यंत्रांत गिअरबॉक्स नसतो. तिथे अनेक ध्रुवांचे मोठे जनित्र चक्राच्याच गतीने फिरते. ही वीज रोहित्रातून (ट्रान्सफॉर्मरमधून) विद्युतदाब वाढवून वाहिनीत सोडतात.

वारा दिशा बदलतो तसा डबा मोटरींच्या साहाय्याने वळतो. मनोऱ्यातून खाली आलेल्या केबल त्यामुळे पिळत जातात. पीळ ठरावीक मर्यादेपर्यंत आला, की यंत्र थांबते आणि उलट फेरे घेऊन तो सोडवते. सेकंदाला तीन-चार मीटर वाऱ्यावर निर्मिती सुरू होते. वारा फार वाढला, की पाती आपल्याच अक्षाभोवती वळून जादा जोर सोडून देतात आणि साधारण २५ मीटरला यंत्र बंद होते.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील उंच सडे (डोंगरमाथ्यावरील सपाट पठारे) तसेच धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही प्रमुख ठिकाणे. आषाढात चाळकेवाडीच्या सड्यावर धुके इतके दाट असते, की मनोरा दिसत नाही. एकेक पाते धुक्यातून खाली येते, हवा कापल्याचा घुमारा होतो आणि ते पुन्हा वर नाहीसे होते. वर्षाच्या विजेतला मोठा वाटा या जून ते सप्टेंबरच्या वाऱ्यातूनच येतो.

पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, अशी शंका दुष्काळाच्या वर्षांत काही गावांतून घेतली गेली. पिके डोळ्यांदेखत जळत असताना ती मनात येणे स्वाभाविक आहे, तिला उत्तर द्यायलाच हवे. पावसाचे ढग किलोमीटरच्या हिशेबात उंच असतात आणि शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रवाहांबरोबर येतात. चक्र घेते ती जमिनीलगतच्या शे-दीडशे मीटर थरातील काही ऊर्जा, आणि मागे मंदावलेला वारा थोड्या अंतरावर पुन्हा वेग धरतो.

पावसाळा सरला, की वारा पडतो आणि ऑक्टोबरच्या दुपारी पाती तासन्‌तास हलत नाहीत. पात्यांची तपासणी, गिअरबॉक्समधील तेल बदलणे अशी लांबणारी कामे शक्यतो याच दिवसांत उरकतात, कारण आषाढातला बंद दिवस सर्वांत महागात पडतो.