वारसाचं नाव कशाला हवं? औषध-चाचण्यांच्या संमतीपत्रामागची गोष्ट

मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी किंवा लिफ्टपाशी हल्ली एखादा कागद चिकटवलेला दिसतो. अमुक आजार असलेल्या, 18 ते 65 वयाच्या रुग्णांसाठी संशोधन अभ्यास सुरू आहे, इच्छुकांनी तमुक खोलीत चौकशी करावी. कोपऱ्यात एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचा शिक्का, कारण रुग्णांना बोलावणारी जाहिरातसुद्धा समितीपुढे ठेवून मंजूर करून घ्यावी लागते. खोलीत गेलं की कोऑर्डिनेटर बाई वीस-बावीस पानांचं माहितीपत्रक वाचून दाखवतात. दुष्परिणामांची यादी आली तरी समोरचा माणूस मान डोलावत असतो. शेवटच्या पानावर नाव, पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न भरून होतं आणि पुढची ओळ येते: वारसाचे नाव, पत्ता व नाते. इथे मान थांबते. "वारस कशाला? मी काय मरणार आहे का?"

मी एका रुग्णालयाच्या समितीवर काही वर्षं सामान्य सदस्य म्हणून बसलो, म्हणजे डॉक्टर नाही, वकील नाही असा माणूस. काम मुख्यतः मराठी संमतीपत्रं वाचण्याचं. एका मसुद्यात "आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल" असं वाक्य होतं. ते वाचून कोणीही आपल्यावर काहीतरी शस्त्रक्रिया होणार असंच समजेल. "कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठी टाकून ठरेल" असं मी सुचवलं. "हे जरा लॉटरीसारखं वाटतं हो," एक डॉक्टर म्हणाले. लॉटरीच आहे, आणि तेच तर सांगायचं होतं. शेवटी चिठ्ठी राहिली.

वारसाच्या ओळीला मात्र आम्ही हात लावू शकत नव्हतो. ती 30 जानेवारी 2013 च्या राजपत्रातून आली होती. तिथवर ती कशी पोचली हे सांगायचं तर भायखळ्याच्या तुरुंगापासून सुरुवात करावी लागते.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला. पटकीची लस घेऊन 1893 साली हिंदुस्थानात आलेले वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. राजी झालेल्या कैद्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. तुरुंगातले साधारण निम्मे एकीकडे, निम्मे दुसरीकडे. खाणंपिणं, कोठड्या, काम सगळं सारखं. पुढच्या काही दिवसांत न टोचलेल्यांपैकी 12 जणांना प्लेग झाला आणि 6 दगावले. टोचलेल्यांपैकी 2 जणांना झाला आणि दोघेही वाचले.

आकडे बोलके आहेत. पण कैदी "राजी" होतो म्हणजे काय? बाहेर साथ, आत साथ, दाराशी पहारेकरी आणि पुढ्यात गोरा डॉक्टर. नाही म्हणणारेही निम्मे होते, म्हणजे थेट जबरदस्ती नव्हती असं म्हणता येईल. तरी "रुग्णाने स्वेच्छेने भाग घेतला" हे वाक्य कागदावर वाचताना मला दर वेळी तो तुरुंग आठवतो. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत होते आणि 22 जूनच्या रात्री चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. सरकार अंगाला हात लावतंय म्हटल्यावर लोकांना संशय यावा, असेच ते दिवस होते.

पाच वर्षांनी, 30 ऑक्टोबर 1902 रोजी, पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हीच लस टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांना टोचलेली लस एकाच बाटलीतली होती. दोष प्रयोगशाळेचा की गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. हाफकिन निलंबित झाले आणि 1907 मध्ये निर्दोष ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला 1925 साली त्यांचं नाव दिलं गेलं. गाजला तो हाफकिन यांच्या अब्रूचा वाद. गेलेल्या 19 जणांच्या वारसांची नावं लिहून घ्यायला तेव्हा ओळच नव्हती.

पुढची पन्नास वर्षं डॉक्टरला योग्य वाटेल ते औषध तो देऊन बघे, आणि त्यातून चांगलंही निष्पन्न होई. मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना देऊन 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला, आणि आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत असलेली मुळी जगभरच्या दवाखान्यांत गेली. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रुग्णाची लेखी संमती हा विषयच नव्हता. डॉक्टर गोळी देतात, आपण घेतो.

चिठ्ठी आली ती लंडनहून. युद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन इतकं कमी मिळत होतं की क्षयाच्या सगळ्या रुग्णांना देणं शक्यच नव्हतं. मग संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटांची पद्धत आखली. 107 रुग्णांपैकी 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना नुसती विश्रांती. पाकीट उघडेपर्यंत कोणाच्या वाट्याला काय येणार हे डॉक्टरलाही माहीत नसे. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले 4 गेले, दुसऱ्या गटातले त्याच्या तिपटीहून जास्त. 1948 साली निष्कर्ष छापून आला. विश्रांतीवर ठेवलेल्यांना आपण कुठल्या प्रयोगात आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. त्याच्या एकच वर्ष आधी न्यूरेम्बर्गच्या न्यायालयाने नाझी डॉक्टरांना शिक्षा सुनावताना पहिलं कलम लिहिलं होतं: माणसाची स्वखुशीची संमती अत्यावश्यक आहे. लंडनच्या भल्या डॉक्टरांना ते कलम आपल्यासाठी आहे असं वाटलं नसावं.

चिठ्ठीची ही पद्धत 1956 मध्ये मद्रासला पोचली, आणि या सगळ्या इतिहासातलं माझं आवडतं प्रकरण तेच. प्रश्न साधा होता. क्षयाच्या रुग्णाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये ठेवायचं की घरीच गोळ्या द्यायच्या? देशात रुग्ण लाखांनी आणि खाटा हजारांनी. मद्रासच्या केंद्रात वॅलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 193 गरीब रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या. औषधं तीच, आयसोनायझिड आणि पीएएस. सॅनेटोरियमवाल्यांना दूध, अंडी, हवा, आराम. घरच्यांना एका खोलीत सहा-सात माणसं, तुटपुंजं जेवण आणि बरं वाटलं की कामावर जाणं. केंद्राची माणसं न सांगता घरी जात, डबीतल्या गोळ्या मोजत आणि लघवी तपासत, कारण पीएएस पोटात गेलं की नाही हे लघवीतून कळे. वर्षाअखेरीस दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचा धोकाही वाढला नव्हता. 1959 साली हे प्रसिद्ध झालं. आज मोहल्ल्यातल्या आरोग्य केंद्रातून टीबीच्या गोळ्या घेऊन माणूस कामावर जातो, त्याची मुळं त्या 193 चिठ्ठ्यांत आहेत. जगाला उपयोगी पडलेला हा अभ्यास गरिबांवर झाला हे खरं, पण प्रश्नही गरिबांचाच होता आणि उत्तरही त्यांच्याच उपयोगी पडलं.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत टस्कीगीच्या आसपास 1932 पासून 1972 पर्यंत उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना नुसतं पाहत राहिले, आणि पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते मुद्दाम दिलं गेलं नाही. बदल्यात फुकट जेवण आणि अंत्यविधीचा खर्च. आपल्याकडे दिल्लीत 1976 पासून बारा वर्षं गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल दिसलेल्या हजाराहून अधिक बायकांना उपचार न करता संशोधक नुसतं पाहत राहिले. 1997 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा लेखी संमती घेतलेली नसल्याचं उघड झालं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा पहिला नीतिविषयक मसुदा 1980 चा, पण सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं 2000 साली आली.

आपल्या जवळचं उदाहरण उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने 1999 मध्ये तिथे 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास सुरू झाला. इथे चिठ्ठी बाईच्या नावाची नसून गावांच्या 52 गटांची होती. कुठल्या गावांत एचपीव्ही चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, कुठल्या गावांत पॅप, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, कुठल्या गावांत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि काही गावांत काहीच नाही, म्हणजे नेहमीप्रमाणे जे चालतं ते. 2009 साली निकाल आला: आयुष्यात एकदा केलेली एचपीव्ही चाचणीसुद्धा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आणते. चाचणी झालेल्या सुमारे 34 हजारांत 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या सुमारे 31 हजारांत 64. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने याच सुमारास केलेल्या अभ्यासात दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी व्हिनेगर लावून तपासलं, आणि मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

तपासणीविना ठेवलेल्या गटावरून पुढे खूप टीका झाली. टीकाकारांचं म्हणणं असं की तपासणीचा फायदा होतो हे जगाला आधीच माहीत होतं. संशोधकांचं उत्तर असं की त्या गावांत तशी तपासणी मुळातच कोणी करत नव्हतं, अभ्यासाने कोणाचं काही काढून घेतलं नाही. दोन्हीकडे तथ्य आहे, पण माझं मन टीकाकारांकडे झुकतं. "इथे नाहीतरी काहीच मिळत नव्हतं" हा युक्तिवाद एकदा मान्य केला की ज्या गावात कमी मिळतं तेच गाव प्रयोगाला सोयीचं ठरत जातं.

मोठ्या कंपन्यांना हेच 2005 मध्ये उमगलं. त्या जानेवारीत औषध नियमांतलं परिशिष्ट वाय बदललं. तोवर परदेशी औषधाची चाचणी भारतात एक टप्पा मागे राहूनच करावी लागे, आता जगाबरोबर एकाच वेळी करता येऊ लागली. रुग्णांची संख्या अफाट, अनेकांना आधी कुठलंच औषध मिळालेलं नाही, डॉक्टर इंग्रजीत नोंदी ठेवणारे, खर्च कमी. वर्षाला मंजूर होणाऱ्या चाचण्या 2010 मध्ये पाचशेच्या घरात गेल्या. चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, 2007 मध्ये सुरू झाली होती आणि 2009 मध्ये नोंदणी सक्तीची झाली, पण नोंद आणि देखरेख यांत फरक असतो.

खम्ममच्या आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात वसतिगृहाच्या वॉर्डनने पालकांच्या जागी सह्या केल्याचं 2010 मध्ये निघालं. आंध्र आणि गुजरात मिळून सात मुली दगावल्या होत्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध लागला नाही, पण सह्यांचं समर्थन कोणालाच करता आलं नाही. इंदूरमध्ये सरकारी रुग्णालयातले डॉक्टर आपल्याच रुग्णांना चाचण्यांत भरती करत असल्याच्या तक्रारी आल्या. स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला.

मग वर्षभरात सगळं हललं. 30 जानेवारी 2013 ला नुकसानभरपाईचा नियम आला आणि त्यासोबत संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न आणि वारस या ओळी. पैसे द्यायची वेळ आली तर कोणाला द्यायचे हे माहीत असावं, इतकाच त्या ओळीचा अर्थ. पाठोपाठ समित्यांची नोंदणी, आणि वर्षाअखेरीस संमतीच्या प्रसंगाचं चित्रीकरण. मंजुऱ्या त्या वर्षी शंभराच्या आसपास घसरल्या. संशोधनाचा गळा घोटला अशी ओरड झाली, आणि समितीत बसून मी ती भरपूर ऐकली. 2015 मध्ये चित्रीकरणाची अट नव्या रेणूंच्या, म्हणजे अगदी नव्या औषधी द्रव्यांच्या, चाचण्यांमधल्या दुबळ्या गटांतल्या रुग्णांपुरती उरली. 2019 च्या नव्या नियमांत भरपाईचं सूत्र आहे. त्यात आठ लाखांची मूळ रक्कम घेऊन वय आणि आजाराची तीव्रता यांनुसार गुणाकार करतात. एखाद्या कुटुंबाचं दुःख गणितात बसवणं विचित्र वाटतं खरं, पण मुल्कोवालच्या घरांना असलं गणितसुद्धा नव्हतं.

ऑगस्ट 2020 मध्ये चित्र काही महिने उलटं झालं. पुण्यात भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात 26 तारखेला ऑक्सफर्डच्या लशीची देशातली पहिली सुई टोचली गेली आणि "आम्हाला घ्या" म्हणून लोक स्वतः चौकशी करत होते. ते सुशिक्षित होते, त्यांना माहितीपत्रक वाचता येत होतं.

ओपीडीतल्या बाकावर मात्र बहुतेकांचं उत्तर अजूनही तेच असतं: "डॉक्टर म्हणतील तसं." सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी निष्पक्ष साक्षीदाराची सही. साक्षीदार संशोधकांपैकी नसावा, म्हणून कधी कधी शेजारच्या वॉर्डातल्या मावशींना बोलावतात. "अहो, मला तरी यातलं काय कळतंय?" असं म्हणत त्या सही करतात. मग सही झालेल्या कागदाची एक प्रत रुग्णाला द्यायची असते. हाही नियम 2013 चाच. ती प्रत एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात, केसपेपर आणि एसटीच्या तिकिटासोबत घडी घालून गावी जाते. मागच्या पानावर समितीच्या सचिवाचा फोन नंबर असतो. माझ्या सगळ्या वर्षांत त्या नंबरवर एका आजोबांचा फोन आला होता. बस चुकली होती आणि पुढची तपासणी उद्या चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.