व्हाइट हाउसच्या आधीची हिलरी रॉडम

ऑगस्ट १९९२. ह्यूस्टनला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं आणि व्यासपीठावरून पक्षाचे नेते पॅट ब्युकॅनन डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बिल क्लिंटन यांच्या पत्नीवर, म्हणजे पूर्वाश्रमीच्या हिलरी रॉडम यांच्यावर, तुटून पडले होते. बारा वर्षांच्या मुलांना आईबापांवर खटला भरता यावा, असं हिलरी क्लिंटन यांना वाटतं आणि लग्नसंस्थेची तुलना त्या गुलामगिरीशी करतात, असा ब्युकॅनन यांचा आरोप. हा आरोप ज्या लेखातून उचलला होता, तो १९७३ सालचा. लेखिकेचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं आणि बिल क्लिंटन कुठल्याच पदावर नव्हते. नवऱ्याच्या राजकारणाआधी सुरू झालेलं हे काम होतं, हे त्या गदारोळात हरवलं.

या कामाची मुळं घरातच सापडतात. हिलरी यांची आई डोरोथी आठ वर्षांची असताना तिचे आईवडील विभक्त झाले. धाकट्या बहिणीसह तिला शिकागोहून कॅलिफोर्नियाच्या गाडीत बसवून आजीआजोबांकडे पाठवून दिलं. सोबत मोठं माणूस कोणी नाही. तिथेही माया मिळाली नाही. चौदाव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायला आणि घरकामाला लागली.

१९७० मध्ये येल लॉ स्कूलमध्ये शिकत असताना हिलरी यांनी मारियन राइट एडेलमन यांचं भाषण ऐकलं. मिसिसिपीत वकिलीची सनद मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्याच उन्हाळ्यात हिलरी त्यांच्याकडे वॉशिंग्टनला काम करू लागल्या. सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांची उपसमिती तेव्हा स्थलांतरित शेतमजुरांची स्थिती तपासत होती. त्या कुटुंबांची घरं, आरोग्य आणि मुलांचं शिक्षण यांची माहिती गोळा करणं हे हिलरी यांचं काम. पुढे त्यांनी येलच्या बालअभ्यास केंद्रात काम केलं. न्यू हेवनच्या रुग्णालयात मारहाणीच्या खुणा घेऊन येणाऱ्या मुलांची प्रकरणंही जवळून पाहिली.

त्या काळी कायदा मुलांकडे कसा पाहत होता, हे ॲरिझोनातल्या एका खटल्यावरून कळतं. अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला होता. प्रौढाने तेच केलं असतं तर जास्तीत जास्त दोन महिने कैद किंवा किरकोळ दंड. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि अशा मुलांना वकिलाचा हक्क आहे असं सांगितलं.

तोच धागा पुढे नेणारा हिलरी यांचा तो १९७३ चा लेख ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये आला. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत अल्पवयीनाला ‘अज्ञान’ म्हणतात. नेमक्या याच गृहीतकावर त्यांचा आक्षेप होता. सतरा वर्षांचा मुलगा आणि तान्हं बाळ यांना कायद्याने एकाच मापाने का मोजावं? मूल असमर्थ आहे हे आधीच धरून चालू नये, ते सिद्ध करावं लागावं, असं त्यांचं म्हणणं. मुलाचं हित आणि पालकांचं हित एकच, हेही गृहीत धरू नये. ती वेगळी होतात तेव्हा समजत्या मुलाला स्वतःचा वकील मिळावा. लग्न आणि गुलामगिरीचा उल्लेख लेखात आहे, पण तो कायद्याने परावलंबी ठरवलेल्या नात्यांची उदाहरणं देताना आलेला. ब्युकॅनन यांनी काढलेला अर्थ मला त्यात कुठेच दिसत नाही.

एडेलमन यांनी १९७३ मध्ये चिल्ड्रन्स डिफेन्स फंड स्थापन केला, तेव्हा हिलरी तिथे वकील म्हणून रुजू झाल्या. जनगणनेत मुलं दिसत होती, शाळेच्या पटावर मात्र नव्हती. ती गेली कुठे हे शोधायला त्या मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड गावात दारोदार फिरल्या. कुणी भावंडं सांभाळत होतं, कुणी अपंग होतं म्हणून शाळेबाहेर होतं. घराच्या मागच्या ओट्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, शाळेत जायची आस असलेल्या एका मुलीची आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. देशभरात अशी सुमारे २० लाख मुलं शाळेबाहेर असल्याचं संस्थेच्या १९७४ च्या अहवालाने दाखवलं. १९७५ मध्ये अपंग मुलांना सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा झाला. अनेक खटले आणि पालकसंघटना यांच्या रेट्याने तो आला. न्यू बेडफर्डची पायपीट त्यातलाच एक भाग.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये त्या आर्कन्सॉला गेल्या, पुढच्या वर्षी लग्न झालं. विद्यापीठात शिकवताना त्यांनी गरिबांसाठी कायदा मदत केंद्र चालवलं. १९७५ मध्येच बारा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराच्या आरोपीचा बचाव न्यायालयाने त्यांच्यावर सोपवला आणि तो सौम्य शिक्षेवर सुटला. वकिलाचं कर्तव्य म्हणून हे समजून घेता येतं, तरी मुलांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या या कारकिर्दीत ते प्रकरण सलतं. पुढे रोझ लॉ फर्ममध्ये कंपन्यांचे खटले हे उपजीविकेचं साधन झालं. मुलांचं काम त्याच्या जोडीने सुरू राहिलं: १९७७ मध्ये त्यांनी ‘आर्कन्सॉ ॲडव्होकेट्स फॉर चिल्ड्रन अँड फॅमिलीज’च्या स्थापनेत भाग घेतला आणि १९८६ पासून १९९२ पर्यंत एडेलमन यांच्या संस्थेच्या मंडळाचं अध्यक्षपद सांभाळलं.

व्हाइट हाउसमध्ये एडेलमन यांच्याशी असलेल्या नात्याची कसोटी लागली. गरीब कुटुंबांच्या सरकारी मदतीवर मर्यादा घालणाऱ्या १९९६ च्या कायद्यावर बिल क्लिंटन यांनी सही केली, तेव्हा मारियन यांचे पती पीटर एडेलमन यांनी सरकारी पदाचा राजीनामा दिला. गरीब मुलांचे हाल वाढतील, ही त्या दोघांची भीती होती. हिलरी यांनी कायद्याला पाठिंबा दिला. वर्षभराने अल्प उत्पन्न गटातल्या मुलांसाठी आरोग्य विम्याची योजना आली आणि तिच्यासाठी त्यांनी जोर लावला होता.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर अमेरिकेने फेब्रुवारी १९९५ मध्ये सही केली. पालकांचे अधिकार धोक्यात येतील, या ब्युकॅनन यांच्या आरोपाची आठवण करून देणाऱ्या आक्षेपाने त्याला विरोध झाला आणि सिनेटची मंजुरी काही त्याला मिळाली नाही.