लेअरहाउस

प्रौढ ज्यूंना आपल्या धर्मग्रंथांची ओळख व्हावी म्हणून पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत निघालेली अभ्यासकेंद्रे. सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनामंदिराच्या) आश्रयाने चालणारे पारंपरिक अध्ययनगृह, म्हणजे बेत मिद्राश, हा त्यांचा पूर्वज. तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेनत्स्वाइग (१८८६–१९२९) यांनी १९२० मध्ये फ्रांकफुर्टला ‘मुक्त ज्यू लेअरहाउस’ सुरू केले. ‘मुक्त’ म्हणजे फुकट नव्हे. शुल्क होते, पात्रतेची अट मात्र नव्हती.

शिकूनसवरून जर्मन समाजात मिसळलेल्या अनेक ज्यूंना त्या काळी हिब्रू वाचताही येत नसे. रोझेनत्स्वाइग त्याच वर्गातले. ज्यू कुळात जन्मून ख्रिस्ती झालेले त्यांचे मित्र ऑयगेन रोझेनश्टोक यांच्याशी १९१३ मध्ये वाद झाल्यावर तेही धर्मांतराच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी त्यांनी ज्यूच राहायचे ठरवले. मैत्री तुटली नाही. १९१६ मध्ये, ऐन युद्धात, दोघांनी ज्यू आणि ख्रिस्ती धर्मांवर एकमेकांना लिहिलेली पत्रे आजही आंतरधर्मीय संवादाच्या अभ्यासात वाचली जातात, आणि ती मुळीच गुळमुळीत नाहीत.

फ्रांकफुर्टच्या केंद्रात पंडितांइतकाच मान नवशिक्यांना होता. रिचर्ड कोख हे डॉक्टर, एडुआर्ड श्ट्राउस हे रसायनशास्त्रज्ञ, तेही शिकवत. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर, ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम, मनोविश्लेषक एरिक फ्रॉम अशी पुढे जगाला माहीत झालेली नावेही तिथे होती. १९२२ पासून रोझेनत्स्वाइग पक्षाघाताकडे नेणाऱ्या असाध्य रोगाने खिळले आणि काही वर्षांत केंद्र थंडावले.

ख्रिस्ती विचारवंतांशी जाहीर संवाद रंगला तो श्टुटगार्टच्या लेअरहाउसमध्ये (स्थापना १९२६). तिथल्या चर्चांपैकी १४ जानेवारी १९३३ ची विशेष गाजली. हिटलर चॅन्सेलर होण्यास तेव्हा सोळा दिवस उरले होते. प्रोटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल लुडविग श्मिट यांनी चर्च हेच खरे इस्राएल, म्हणजे देवाने निवडलेली प्रजा, ही भूमिका मांडली. बूबर यांनी वर्म्स शहराचा दाखला दिला: एकीकडे डौलदार कॅथीड्रल, दुसरीकडे ज्यू दफनभूमीतले वाकडेतिकडे दगड. त्या दगडांपाशी उभे राहिले की पूर्वजांशी नाते जुळते, देवाने आमच्याशी केलेला करार मोडलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. एकमत झाले नाही. पण प्रतिस्पर्ध्याचा धर्म त्याच्याच तोंडून ऐकून घेण्याची ही रीत दोन्ही बाजूंनी पाळली, हे त्या दिवसांत थोडके नव्हते. त्याच वर्षी नाझी राजवटीने श्मिट यांना बॉन विद्यापीठातून काढले.

बूबर यांनी १९३३ मध्ये फ्रांकफुर्टचे केंद्र पुन्हा उघडले. आता नोकऱ्यांतून, शाळांतून हाकलल्या जाणाऱ्या ज्यूंना मनाचा आधार देणे हे त्याचे काम झाले. १९३८ मध्ये बूबर जेरुसलेमला गेले. श्टुटगार्टच्या संस्थापकांपैकी ऑटो हिर्श १९४१ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मारले गेले.

युद्धानंतर ही कल्पना अन्यत्र रुजली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९७४ मध्ये फ्रांकफुर्टचेच नाव घेऊन ‘लेअरहाउस जुडाइका’ सुरू झाले. त्याचे वर्ग ज्यूंइतकेच इतरांनाही खुले होते.