यू'ल नेव्हर वॉक अलोन (गॉस्पेल क्वार्टेट परंपरेतील ध्वनिमुद्रणे)

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९ एप्रिल १९४५ रोजी आलेल्या 'कॅरोसेल' या संगीत नाटकातले गाणे. नावाचा अर्थ 'तू कधीच एकटा चालणार नाहीस'. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे. नाटकाचा नायक बिली याच्या मृत्यूनंतर त्याच्या गरोदर बायकोला, ज्यूलीला, नेटी हे पात्र या गाण्यातून धीर देते.

गाण्यात वादळ आहे, अंधार आहे, पलीकडचे सोनेरी आकाश आणि चंडोलाचा स्वर आहे. देवाचे नाव मात्र कुठेही नाही. तरीही चर्चमध्ये वाढलेल्या गायकांना ते आपलेच वाटले. सोबत कोण चालते आहे, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नव्हते.

गॉस्पेल म्हणजे अमेरिकेतले ख्रिस्ती भक्तिसंगीत. ते गाणाऱ्या क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार आवाजांच्या गायनसंचात, टेनर (उंच), लीड (मुख्य), बॅरिटोन (मधला) आणि बेस (खर्जाचा) असे आवाज असतात. कृष्णवर्णीयांच्या क्वार्टेटमध्ये गायक पाच-सहा असले तरी नाव तेच राहते, कारण मोजायचे ते सुरांचे पदर. मूळ चाल एकट्या गळ्याची: खालून सुरू होते, पायरी-पायरीने चढते आणि अगदी शेवटी मोकळी होते. ही चढण कोण पेलतो, यावर प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा स्वभाव ठरतो.

रॉय हॅमिल्टन आधी गॉस्पेल गटात गात. त्यांच्या १९५४च्या ध्वनिमुद्रणात मागे वाद्यवृंद आहे आणि सगळी चढण ते एकटेच पेलतात. हे गाणे अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) संगीताच्या लोकप्रियता यादीत आठ आठवडे पहिले होते. पॅटी लाबेल आणि ब्लूबेल्स या चौघींच्या गाण्यात शेवटची ओळ पॅटी तारसप्तकात इतकी ताणतात, की ती प्रार्थनेतली हाकच वाटते.

एल्व्हिस प्रेस्ली यांनी सप्टेंबर १९६७मध्ये नॅशव्हिलला केलेले ध्वनिमुद्रण क्वार्टेटच्या सर्वांत जवळचे. पियानोवर ते स्वतः आहेत, मागे जॉर्डनेअर्स हे क्वार्टेट: गॉर्डन स्टोकर, नील मॅथ्यूज, हॉइट हॉकिन्स आणि खर्जाला रे वॉकर. सुरुवातीला पियानो आणि एल्व्हिस यांचाच आवाज कानात भरतो. मागचे आवाज साचत जातात आणि शेवटच्या चढणीला गायकाला खालून उचलून धरतात. 'तू एकटा नाहीस' हा अर्थ इथे शब्दांइतकाच आवाजांच्या रचनेतून पोचतो, म्हणून तुलनेत हे ध्वनिमुद्रण सरस ठरते. अरीथा फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२मध्ये लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये हेच गाणे गायले, तेव्हा चार आवाजांची जागा मोठ्या गायकवृंदाने आणि समोरच्या भाविकांनी घेतली होती.