आकडा खरा, मग म्हणणंही खरं?

26 जुलै जवळ आली की आमच्या मुंबईतल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 944 हा आकडा हजर होतो. यंदा तळमजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "2005 ला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कुठलंही शहर बुडेल. उगाच नाल्यांना आणि मिठी नदीला दोष देऊ नका." लगेच एकाने शोधून सांगितलं, "आकडा बरोबर आहे." पटापट अंगठे आले. विषय मिटला.

मिटला कसा? आकडा बरोबर, एवढंच ठरलं. काकांचं म्हणणं बरोबर आहे का, ते कोणी बघितलंच नाही.

माहिती तपासणं आणि युक्तिवाद तपासणं यांत गल्लत होते ती अशी. माहितीला विचारायचं: कोणी मोजलं, कुठे, किती वेळात? 944 हे हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रावरचं 24 तासांचं मोजमाप. त्याच 24 तासांत कुलाब्याला 75 मिलिमीटरही पाऊस नव्हता. म्हणजे आकडा खरा, पण सगळ्या मुंबईचा नव्हे.

युक्तिवादाकडे बघताना हे सगळं खरं धरून चालायचं आणि विचारायचं, यावरून ते निघतं का? काकांच्या तीन वाक्यांमागे चौथं वाक्य दडलंय: पुराला कारण एकच असतं. ते कोणी उच्चारलं नाही, म्हणून खटकलंही नाही. पाऊस अफाट होता आणि भराव-अतिक्रमणांनी मिठीचं पात्र आवळलेलंही होतं.

उलटंही होतं. मध्यंतरी एक मेसेज आला: "आज दुपारी साडेचार मीटरच्या वर भरती. तेव्हाच जोराचा पाऊस आला तर हिंदमाताला पाणी भरेल, तिकडून जाऊ नका." तर्क चोख. भरती एवढी चढली की पर्जन्यवाहिन्यांची समुद्राकडची तोंडं पाण्याखाली जातात, पाणी आतच तुंबतं. दादरचा हिंदमाता परिसर तर बशीसारखा सखल. पण मेसेज आदल्या वर्षीचा निघाला. मी मात्र टॅक्सीने वळसा घालून मीटर वाढवून आलो होतो.

असला शिळा मेसेज पकडणं सोपं. मोठ्या भरतीचे दिवस आणि वेळा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, यादी उघडली की काम झालं. दडलेलं वाक्य कुठल्या यादीत सापडणार? आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, यावर चांगली सक्ती केली होती. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, एवढं म्हणून भागत नसे. "जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात," हेही उघड मांडावं लागे. मग समोरच्याला नेमकं तिथेच बोट ठेवता येई.

म्हणून मी ग्रुपवर विचारलं, "काका, पूर फक्त पावसामुळेच आला, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. मग उत्तर आलं, "असं मी कुठे म्हटलं?"